हजेरीची वही, तक्रारीची वही

पत्र थोडक्यात (नाव, पत्ता आणि वस्तीची खूण गाळली आहे):

मी 27 वर्षांचा, बी.कॉम. झालोय. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. आम्ही विमुक्त समाजातले. वस्तीत दीडशेच्या आसपास घरं आहेत. ड्रेनेजची लाइन वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबलीय, पुढं सगळी उघडी गटार. पाणी चार-पाच दिवसांनी, तेही रात्री दीड-दोनला. माझे चुलते वीस वर्षं समाजाचं बघतात. निवेदन देतात, हार घालतात, फोटो काढतात. काम काही होत नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः अर्ज लिहून एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं माझा पत्ता वाचला, वर बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, “पाकीट सांभाळ रे.” दोघं हसले. मी अर्ज तसाच परत घेऊन आलो. आता वस्तीतली पोरं म्हणतात, रस्ता अडवू. एका पक्षाचे लोक म्हणतात, आमच्याकडं ये, पद देतो, तूच समाजाचा आवाज हो. बायको म्हणते, जुळे सोलापूरला भाड्यानं खोली बघू आणि हे सगळं सोडून देऊ. आमच्या लोकांना काही कळत नाही आणि आमचं कुणी ऐकत नाही. मी काय करू?

तुझं वय माझ्या भाच्याएवढं आहे, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

आधी त्या पाकिटाचं बोलू. पत्रात तू ते दोन ओळींत उरकलंयस, पण तुझं सगळं पत्र त्याच दोन ओळींनी लिहिलंय हे मला दिसतंय. त्या दिवशी त्या माणसाला दोन गोष्टी मिळाल्या. हसायला मिळालं, आणि त्याच्या टेबलावरचा एक अर्ज कमी झाला. पहिली गोष्ट थांबवणं तुझ्या हातात नव्हतं. दुसरी होती, आणि ती तू त्याला देऊन आलास. हे बोचेल, तरी लिहिते, कारण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे.

22 वर्षं मी बारनिशीला होते. कुठल्या कार्यालयात ते विचारू नकोस. बारनिशी म्हणजे आलेला प्रत्येक कागद ज्या वहीत चढतो ते टेबल. कागद आला की तारखेचा ठसा मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, वहीत विषय लिहायचा आणि साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवायचा. एकदा अशाच एका वस्तीतून अर्ज आला. पन्नासेक अंगठे, जांभळ्या शाईचे, काही एकमेकांवर उमटलेले. मजकूर एवढाच, की आमच्याकडं पाणी येत नाही, साहेबांनी दया करावी. कुठली बोळ, कुठला नळ, किती दिवस, काही नाही. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘संबंधितांकडे पाठवा’. आता संबंधित कोण? मी विचारलं नाही. दोन दिवस तो कागद ट्रेमध्ये राहिला, मग फाइलला टॅग लावून कपाटात गेला. मी दुष्ट नव्हते. मला पाच वाजताची बस गाठायची होती. पण त्या कागदावर एखाद्या विजेच्या खांबाचा नंबर असता, तर मला तो कुणाच्या तरी नावानं पाठवावाच लागला असता.

म्हणून ‘आमचं कुणी ऐकत नाही’ हे तुझं वाक्य मला अर्धंच पटतं. न ऐकण्यात द्वेष असतो, तुझ्या वाट्याला तो आला. पण बऱ्याच वेळा समोरच्या माणसाला ऐकलं नाही तरी चालतं, एवढंच असतं. द्वेषावर माझ्याकडं औषध नाही. न ऐकता चालणार नाही अशी व्यवस्था मात्र करता येते.

तुझ्या समाजाचा आणि सरकारी वहीचा संबंध जुना आहे, तो तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पुढं तो कायदा आपल्याकडंही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली. माणसं आतून गिरणीत कामाला जायची आणि परत आत यायची. रोज हजेरी. चांगल्या वागणुकीचा शेरा मिळाला की कुंपणाबाहेर फ्री कॉलनी. ते नाव सोलापुरात आजही लोक पत्त्यात लिहितात, आणि त्यातला ‘फ्री’ कशापासून, हे कुणी विचारत नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. म्हणजे तुझ्या पणज्याचं नाव सरकारी वहीत रोज चढत होतं, त्यानं मागितलं नसताना. आणि तू स्वतःहून वहीत चढायला गेलास, तेव्हा तुला हसून परत पाठवलं. मी तुझ्या जागी असते तर याच एका गोष्टीच्या रागानं दुसऱ्या दिवशी परत गेले असते.

आता ‘तूच समाजाचा आवाज हो’ म्हणणाऱ्यांबद्दल. पक्षात जाणं वाईट नाही, आणि राजकारण घाण आहे वगैरे मी तुला सांगणार नाही; गटारीचा पैसा तिथूनच येतो. पण ते तुला काय देतायत ते नीट बघ. पद म्हणजे फलकावर फोटो आणि वस्तीतली मतं मोजून द्यायची जबाबदारी. तुझ्या चुलत्यांनी वीस वर्षं हेच केलं असणार, फक्त पदाशिवाय. एका माणसाला वस्तीचा आवाज केला की समोरच्याचं काम सोपं होतं. दीडशे घरांची समजूत काढण्यापेक्षा एका माणसाची काढलेली बरी. तो माणूस तू असशील, शिकलेला असशील, प्रामाणिक असशील, तरी हिशेब तोच.

तुला तिकीट मिळेल, तूच नगरसेवक होशील, असं कुणी बोललं असेल तर त्यातली मेखही माहीत असू दे. नोकरीत विमुक्तांचं आरक्षण वेगळं आहे, पण महापालिका-जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत तुम्ही नागरिकांच्या मागास प्रवर्गात, म्हणजे इतर मागासवर्गीयांच्याच जागेत मोजले जाता. त्या जागेवर मोठमोठ्या समाजांचे उमेदवार असतात. दीडशे घरांच्या जोरावर तिथं उभं राहणं म्हणजे रिंगणात उतरून दुसऱ्याच्या पैलवानाला तेल लावणं. पुढंमागं जरूर उभा राहा. पण गटार तोवर थांबणार नाही.

जे निवडून आलेले असतात त्यांचाही उपयोग आहे, तो करून घे. आपल्याकडं एकेका प्रभागात तीन-चार नगरसेवक, सगळे मिळून 102. लोकांना वाटतं चार म्हणजे चौपट काम. होतं असं, की ‘अ’वाला म्हणतो ते ‘क’च्या भागात येतं, ‘क’वाला म्हणतो ‘ड’ला विचारा. म्हणून एकाच अर्जाच्या चार प्रती, चौघांना, आणि प्रत्येक प्रतीवर खाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून बाकी तिघांची नावं. कोणी कोणाकडं बोट दाखवायचं ते मग त्यांचं ते बघतील. मार्च 2022 नंतर तर जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. तेव्हा ज्यांचं सगळं नगरसेवकाच्या फोनवर चालायचं ते रिकाम्या हातानं बसले, आणि ज्यांच्याकडं आवक क्रमांक होता त्यांनी तोच क्रमांक घेऊन नव्या साहेबाचं दार वाजवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट सांगू? चुलते आहेत, पोरं आहेत, पक्षवाले आहेत, बायको आहे, पण तीही खोली बघू म्हणण्यापुरती. रात्री दीडला नळावर कोण बसतं? तिचं एक वाक्य पत्रात नाही. आणि शेवटी तू लिहितोस, आमच्या लोकांना काही कळत नाही. पाणी किती वाजता आलं, करंगळीएवढी धार किती वेळ चालली, पहिल्या पाच हंड्यांत गटारीचा वास कधी होता, हे सगळं त्या बाईला पाठ आहे. ते महापालिकेच्या झोन ऑफिसच्या इंजिनिअरला माहीत नाही, तुझ्या चुलत्यांना नाही आणि तुला तर नाहीच नाही. तुमच्या वस्तीत कळणारी माणसं झोपमोड झालेली आहेत, एवढंच.

तर सुरुवात तिथून कर. प्रत्येक बोळीत एक अशी आठ-दहा घरं निवड, जिथल्या बाईला किंवा शाळेतल्या पोरीला लिहिता येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्याच तारखेच्या चौकोनात, पाणी आलं त्या दिवशी वेळ आणि हंड्यांची संख्या लिहायची. दुधाचा हिशेब लिहितात तसा. गटार तुंबली त्या दिवशी फुली. कुणी तापानं दवाखान्यात गेलं तर नाव. दोन महिने. नंतर त्या पानांचे फोटो काढ. असल्या दहा कॅलेंडरांना ‘नियमित पाणीपुरवठा सुरू आहे’ असं छापील उत्तर देणं फार अवघड असतं.

दुसरं काम तुझं एकट्याचं. लाइन वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबलीय म्हणतोस. बरोबर तिथंच का थांबली, हा प्रश्न कुणी विचारलाय? सेटलमेंटच्या काळापासूनच्या जागा असतील तर जमीन कुणाच्या नावावर आहे ते आधी काढ. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक मिळतं. जागा सरकारच्या एखाद्या दुसऱ्याच खात्याची निघाली, तर इंजिनिअर गटारीच्या खर्चाचा अंदाज तयार करताना कचरतो, आणि हे तोंडानं कुणी सांगत नाही. ‘बघू, घेऊ पुढच्या वेळी’ असं सांगतात. तुझे चुलते वीस वर्षं गटार मागत असतील आणि अडसर एका ना-हरकत पत्राचा असेल. तसं निघालं तर तुझा अर्जच बदलेल: आम्हाला गटार द्या, याऐवजी अमुक खात्याकडं ना-हरकत मागणारं पत्र तुम्ही कधी पाठवलं, त्याची प्रत द्या.

ती प्रत मागायला माहिती अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. आपल्या राज्यात अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून त्यात समाजाचा इतिहास लिहायचा नाही. तीन ओळी पुरतात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. आणि एक सोय लोकांना माहीतच नसते. 2018 च्या नोव्हेंबरात निघालेल्या शासन निर्णयाप्रमाणं दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्ह्याच्या पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत नागरिकाला फाइल बघता येते. तुला कारखान्यातून सोमवारी अर्धा दिवस सुटी मिळते का बघ. फाइल बघताना घाई करू नकोस. डाव्या बाजूची टिपणी वाच. खरं कारण उजवीकडच्या पत्रांत क्वचित असतं.

मग अर्ज. दया करावी, कृपा करावी असलं काही नको. महापालिकेच्या कायद्यात कलम 63 आहे, त्यात गटार, सफाई, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं म्हणून दिलीत. एवढाच उल्लेख पुरे. खांबाचे नंबर, बोळीची लांबी पावलांनी मोजून फुटांत, घरांची संख्या, कॅलेंडरची पानं. आणि सह्या: अंगठा असला तरी शेजारी नाव सुवाच्य लिहायचं, माझ्यासारख्या बाईला पळवाट नको.

लोकशाही दिनाचं नाव तू ऐकलं असशील, तक्रारी ऐकायचा दिवस, दर महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि महापालिका आयुक्तांकडं. तुझे चुलते तिथंही गेले असतील आणि अर्ज नाकारला गेला असेल, कारण तिथं तक्रार वैयक्तिक लागते, विहित नमुन्यात, 15 दिवस आधी. ‘समस्त ग्रामस्थ’ किंवा ‘समाज बांधव’ अशा सहीचा अर्ज तिथं बसत नाही. लोक यावर चिडतात. मी म्हणते, हा नियम तुमच्या फायद्याचा आहे. दीडशे घरांतल्या चाळीस बायकांनी चाळीस वेगळे अर्ज दिले, माझ्या दारासमोरची गटार, माझ्या नळाचं पाणी, माझं पोर आजारी, तर चाळीस आवक क्रमांक पडतात, आणि चाळीस उत्तरं द्यावी लागतात. तिथं त्या बाईला स्वतः बोलावं लागतं, साहेबांसमोर. पहिल्या वेळी ती ‘आमचं हे सांगतील’ म्हणून तुझ्याकडं बघेल. तू खिडकीबाहेर बघ.

मागायची वेळही असते. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये गाजतं, पण आकड्यांची जुळवाजुळव आधीच झालेली असते. मार्चमध्ये निवेदन देणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. दिवाळी झाली की कागद गेला पाहिजे. त्यात योजनेचं नाव घालता आलं तर उत्तम. विमुक्त-भटक्यांच्या वस्त्यांसाठी, शहरी गरीब वस्त्यांसाठी राज्य सरकारच्या वेगवेगळ्या योजना आहेत. तुमची वस्ती कुठल्या यादीत बसते हे इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयात आणि झोन ऑफिसात, दोन्हीकडं लेखी विचार. दोन्हीकडून वेगळी उत्तरं आली तर घाबरू नकोस. तो तुझ्या पुढच्या अर्जाचा मजकूर.

(मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याकडच्या गावांतूनही अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्याकडं ग्रामसभा आहे, शहरवाल्यांकडं ती नाही. क्षेत्रसभा म्हणून कायद्यात आहे, पण ती भरलेली मी तरी पाहिली नाही. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतलं जे कमी असेल तेवढे लागतात, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती ‘झाली’ असं वहीत लिहिलेलं असतं. झाली का, हे विचारा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात; ते कशावर खर्चले हे सभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेलं वाचूनही दाखवायला लावा.)

रस्ता अडवायचं काय? पोरांना हसू नकोस. त्यांचा राग खरा आहे, आणि सोलापूर कागदांनी घडलेलं शहर नाही. इथं 1930 साली लोक रस्त्यावर उतरले म्हणून मार्शल लॉ लागला आणि चौघांना फाशी झाली. त्यांच्या नावाच्या चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांची 10 हजार घरं झाली, त्यामागं लाल बावट्याचे किती मोर्चे होते ते जुन्या माणसांना विचार. पण घरकुल मागताना नावानिशी, कागदपत्रांनिशी याद्या लागतात, त्या करत बसलेलेही कुणीतरी होते. त्यांचे फोटो नाहीत. माझं मत असं, की कागद आधी, आणि कागदाला उत्तर नाही आलं तर रस्ता. मग मोर्च्याच्या फलकावर आवक क्रमांक लिहिता येतो, आणि पत्रकारालाही बातमी मिळते.

फक्त हायवेवर जाऊ नका. जिल्ह्यात मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो, तो मोडला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 135 खाली गुन्हा. इतर वस्तीतल्या पोरावर असा गुन्हा झाला तर तो आंदोलक. तुमच्या वस्तीतल्या पोरावर झाला तर पोलिसांच्या यादीत आणखी एक नाव. पुढं चारित्र्य पडताळणीत तेच निघतं. हा अन्याय आहे, पण पोरांना तो गृहीत धरून चालावं लागेल. पोलिसांना आधी अर्ज देऊन आंदोलनांच्या नेहमीच्या जागी, पूनम गेटसमोर बसा. पुढं बायका, त्यांच्या हातात ती कॅलेंडरं.

राहिली बायको. तिला चूक ठरवायला तू मला पत्र लिहिलं असशील तर निराश होशील. तिच्या अंगावर रात्रीचं पाणी आहे. भाड्याची खोली बघ, लेकरं असतील तर नक्की बघ. वस्तीत राहिलं तरच वस्तीचं, असं काही नसतं. उलट बाहेरच्या पत्त्यावर तुला माणसं आदरानं बोलवतील आणि तू त्याच तोंडानं वस्तीचं बोलू शकशील. मात्र मतदार यादीतलं नाव हलवण्याआधी विचार कर. पण हे ठरवण्याआधी तिला एकदा विचार, तुला कॅलेंडर लिहायला आवडेल का. ती नाही म्हणाली तर तेही उत्तर आहे.

आणि चुलते. त्यांच्यावर तू चिडलायस, पण झोन ऑफिसातला कोणता मुकादम कुठल्या गल्लीतला, कोणता साहेब दुपारी जेवून मऊ असतो, हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते कुठल्याही शासन निर्णयात सापडत नाही. अर्ज घेऊन परत जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने. त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर. तो माणूस परत हसला तर हसू दे. दोन प्रती ने, एक त्याला दे, दुसरीवर पोच माग. नाही म्हणाला तर वाद घालू नकोस, पोस्टात जाऊन पोच मिळेल असं स्पीड पोस्ट कर. हो म्हणाला, तर तिथून हलण्याआधी ठसा नीट उमटलाय का बघ. शाईचं पॅड बहुतेक ठिकाणी वाळलेलं असतं आणि तारीख अर्धीच येते. त्याला परत मारायला सांग.